सह्याद्रीची पर्जन्यछाया आणि देशावरील गावजीवन

महाबळेश्वरी वर्षाकाठी साधारणतः साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेस पाचगणी अवघ्या वीस किलोमीटरांच्या आत आहे. पण तेथे पडणारा पाऊस महाबळेश्वरच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढाच असतो. घाट उतरून वाईस आले की तो आणखी निम्म्यावर येतो, आणि पुढे माण तालुक्यात पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर ते वर्ष चांगले समजले जाते. एकाच सातारा जिल्ह्यात, एका दिवसाच्या प्रवासात, अतिवृष्टीचा प्रदेश संपून अवर्षणाचा प्रदेश सुरू होतो.

हा फरक केवळ पावसाच्या नोंदवहीपुरता नाही. कोणते पीक घ्यावयाचे, जनावर कोणते पाळावयाचे, घरातील तरुणाने गावात राहावयाचे की बाहेर जावयाचे, सावकाराच्या दारी कोणी जावयाचे आणि विधिमंडळात वजन कोणाचे असावयाचे, या सर्वांवर त्याची छाप पडलेली आहे. ती कशी पडली, आणि तीत माणसाच्या निर्णयाचा वाटा किती, याचा विचार गावात काम करणाऱ्यांना व शेतकऱ्यांना उपयोगी पडेल.

पाऊस पश्चिमेस, उतार पूर्वेस

अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे बाष्पाने भरलेले असतात. कोकणची चिंचोळी पट्टी ओलांडताच त्यांच्यापुढे सह्याद्रीची भिंत उभी राहते. वारे वर चढतात, थंड होतात आणि आपले बहुतेक पाणी कोकणात व घाटमाथ्यावर टाकतात. माथा ओलांडून ते देशावर उतरू लागले म्हणजे पुन्हा उबदार होतात व त्यांच्यातून पाऊस पडेनासा होतो. डोंगराच्या आडोशाला असलेल्या अशा कोरड्या प्रदेशास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. नगर, सोलापूर, तसेच पुणे, सातारा व सांगली या जिल्ह्यांचे पूर्वेकडील तालुके या छायेत येतात. बीड व धाराशिवचा बराच भागही याच पट्ट्याला लागून आहे.

मात्र निसर्गाने एका हाताने घेतलेले दुसऱ्या हाताने काही अंशी परत दिले आहे. सह्याद्रीचा कडा पश्चिमेस तुटलेला असून पठाराचा उतार पूर्वेस आहे. त्यामुळे कृष्णा, भीमा, नीरा, गोदावरी, प्रवरा या नद्या समुद्राजवळ उगम पावूनही त्याकडे पाठ फिरवतात आणि घाटमाथ्याचे पाणी कोरड्या मुलखातून वाहून नेतात. महाबळेश्वरच्या एकाच डोंगरावरून सावित्री पश्चिमेस उतरून थोड्याच अंतरावर बाणकोटच्या खाडीत समुद्रास मिळते, तर कृष्णा चौदाशे किलोमीटरांच्या आसपास प्रवास करून बंगालच्या उपसागरास जाते. देशावरील गावांची दैना आणि भरभराट या दोन्हींचे मूळ या रचनेत आहे. आकाशातून पडणारे पाणी थोडे, आणि नदीतून येणारे पाणी दुसऱ्याच्या रानात पडलेले.

खडक व माती

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा काळा खडक महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली आहे. हा खडक कठीण असतो. वाळूत पाणी साठते तसे त्यात साठत नाही. वरचा कुजका मुरूम आणि खडकातील भेगा यांतच काय ती जागा असते. मुरमाच्या शंभर घागरींएवढ्या जागेत एक ते तीन घागरींपेक्षा जास्त पाणी साधारणपणे मावत नाही. म्हणून येथील विहीर पावसाळ्यात लवकर भरते, पण उपसा सुरू झाला की लवकर तळही दाखवते.

याच खडकापासून झालेली माती उंचावर उथळ व मुरमाड, तर नदीकाठी खोल, काळी व भारी असते. ही भारी काळी जमीन ओल फार काळ धरून ठेवते. उत्तरा व हस्त नक्षत्रांच्या पावसाने ती एकदा भिजली म्हणजे पुढे पाऊस न पडताही रब्बी ज्वारी पोसली जाते. सोलापूरकडे मालदांडी ज्वारीचे जे नाव झाले ते या मातीच्या आधारावर. माळावर राहणाऱ्याच्या नशिबी मात्र बाजरी, मटकी, हुलगा आणि गवत हेच आले. गावात कोणाचे घर खाऊनपिऊन सुखी आणि कोणाचे ओढग्रस्त, हे पुष्कळदा त्याची जमीन ओढ्याच्या वर की खाली यावरून ठरत आले आहे.

पीक, जनावर आणि माणूस

ज्वारी हे देशावर केवळ धान्याचे पीक नाही. तिचा कडबा हा जनावरांचा मुख्य आधार होय. कठीण जमीन नांगरण्यास बळकट व कमी चाऱ्यावर टिकणारा बैल हवा, म्हणून माणदेशात खिलार जातीची पैदास झाली आणि खरसुंडी, म्हसवड येथील यात्रांत बैलांचे मोठे बाजार भरू लागले. जेथे नांगर चालत नाही अशा माळावर धनगर समाजाने मेंढी पाळली. कोकणच्या पावसात मेंढी टिकत नाही, म्हणून पावसाळ्यात कळप देशावरच राहतो. दिवाळीनंतर इकडचे गवत सरू लागले की अनेक कळप घाट उतरून कोकणात जातात, भाताच्या मोकळ्या खाचरांत बसतात आणि पावसाळ्यापूर्वी परत फिरतात. खाचराला लेंडीखत मिळते, मेंढीला चारा आणि धनगराला धान्य वा पैसे. दोन निराळ्या हवामानांची ही देवघेव कित्येक पिढ्या चालत आली आहे.

कोकणाची अडचण याच्या उलट. तेथे पाणी उदंड, परंतु सपाट जमीन थोडी व ती पावसाने धुपलेली. १८५० नंतर मुंबईत कापडगिरण्या निघाल्या, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातील तरुण मोठ्या संख्येने तेथे गेले आणि कोकणातील घरे मनिऑर्डरीवर चालू लागली. देशावरील दुष्काळी तालुक्यांतूनही माणसे गिरणीत व गोदीत गेली. पाण्याच्या अभावाने एका बाजूची आणि जमिनीच्या अभावाने दुसऱ्या बाजूची, अशी दोन्हीकडची माणसे एकाच शहरात येऊन मिळाली.

घाटवाटा व राज्यसत्ता

सह्याद्री ओलांडण्याच्या वाटा मोजक्या असल्याने ज्याच्या हाती घाट त्याच्या हाती व्यापार, हा नियम फार जुना आहे. जुन्नरजवळील नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख त्या मार्गाचे महत्त्व आजही सांगतात. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, तेव्हा कोकण व देश यांना जोडणाऱ्या वाटा त्यांच्या ताब्यात आल्या. अवघड डोंगर, त्यावरील किल्ले आणि त्या मुलखाची वाट न वाट जाणणारे मावळे यांच्या बळावर मैदानातील मोठ्या फौजांशी सामना देता आला. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि देशावरचा माल मुंबई बंदरास थेट जोडला गेला. त्यानंतर दूरच्या बाजारातील चढउतार खेड्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागेनासा झाला.

दुष्काळ, कर्ज आणि कालवा

त्याचा कडू अनुभव लवकरच आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस येणे थांबले व इकडील कापसास मोठा भाव मिळाला. युद्ध संपताच भाव कोसळले. शेतसारा मात्र वाढलेला होता आणि पाऊस पूर्वीइतकाच बेभरवशाचा होता. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी मे १८७५ मध्ये आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे सावकारांची घरे व दुकाने गाठून कर्जरोखे जाळले. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. सावकारी व्यवहारास आळा घालण्यासाठी १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांकरिता खास कायदा करावा लागला.

दुष्काळावर कायमचा उपाय म्हणून कालव्यांची कामे हाती घेण्यात आली. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला. जिरायत ज्वारीस अडीअडचणीच्या वर्षी पाणी द्यावे, हा त्यामागील मुख्य हेतू होता. परंतु भारी जमिनीतील ज्वारीला चांगल्या वर्षी पाण्याची गरज भासत नाही, आणि ते घेण्यास शेतकरी पुढे येईना. कालव्याचा खर्च निघावा तर पाणी दरवर्षी खपले पाहिजे. तशी बारमाही मागणी असलेले पीक म्हणजे ऊस. अशा रीतीने दुष्काळनिवारणासाठी काढलेल्या कालव्यावर ऊस वाढला. सासवडच्या बाजूने आलेल्या कष्टाळू माळी बागाइतदारांनी त्यात पुढाकार घेतला. बारामती तालुक्याच्या नीरेकडील सखल भागात बागायत फुलली. आणि जेथून १८७५ चा उठाव सुरू झाला तो सुप्याचा उंच भाग मात्र कालव्याच्या वर राहिल्याने जिरायतच राहिला. एका तालुक्यात दोन निराळ्या दुनिया झाल्या, आणि त्यांच्यामधील सीमा कालव्याच्या रेषेने आखली.

नगर जिल्ह्यात प्रवरेवर १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. त्या कालव्यावरील ऊसकरी शेतकऱ्यांना एकत्र करून विठ्ठलराव विखे पाटील यांनी, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली, लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० च्या अखेरीस त्याचा पहिला हंगाम सुरू झाला. ऊस तोडल्यावर लवकर गाळावा लागतो. म्हणून कारखाना रानाजवळ हवा आणि सभासद एकमेकांजवळचे हवेत. या गरजेतून दाट वस्तीचे, एकविचाराने चालणारे कारखाना-क्षेत्र तयार झाले. त्याच्याभोवती पतपेढी, शाळा, दवाखाना, दूधसंघ आले, आणि त्यांतूनच राज्याच्या राजकारणातील नेतृत्वाची एक मोठी फळी उभी राहिली. घाटातील अरुंद दरी, तिच्याखालचे सपाट रान आणि त्यामधून जाणारा पाट, एवढ्या सामग्रीवर ही इमारत उभी आहे.

पाणी पूर्वेस की पश्चिमेस?

घाटमाथ्याचे पाणी उताराने पूर्वेस जावे हा निसर्गक्रम आहे. पण कड्यावरून कोकणात सोडले तर तेच पाणी थोड्या अंतरात शेकडो मीटर खाली पडते व त्यापासून वीज निर्माण होते. १९१५ मध्ये खोपोली येथे अशी वीज तयार करून मुंबईच्या गिरण्यांना पुरविण्यात येऊ लागली. त्याच उद्देशाने मुळशीस धरण बांधावयास घेतले, तेव्हा जमिनी बुडणाऱ्या मावळी शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरण झालेच. गिरणीस वीज मिळाली आणि भातखाचरे पाण्याखाली गेली. पुढे कोयना प्रकल्पातही हाच पश्चिमेचा मार्ग अवलंबिण्यात आला, व त्या विजेवर राज्यातील पुष्कळ उद्योग उभे राहिले.

मात्र पश्चिमेस वळविलेले पाणी खालच्या मुलखास मिळत नाही. कृष्णा महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा व आंध्र प्रदेश या राज्यांतून वाहते. तिच्या पाण्याचा तंटा लवादापुढे गेला आणि १९७३ मध्ये बच्छावत लवादाने राज्याराज्यांचे वाटे ठरवून दिले. पश्चिमेस वळविण्याच्या पाण्यासही मर्यादा घातली. शेजारच्या बांधावरील भांडण आणि राज्याराज्यांतील तंटा यांचे कारण एकच आहे. वरचा अडवतो आणि खालचा वाट पाहतो.

कालव्याच्या वर राहिलेली गावे

सर्व गावांना कालवा मिळणे शक्य नाही, कारण पाणी आपण होऊन चढ चढत नाही. बालाघाटच्या डोंगराळ भागातील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, तसेच नगर जिल्ह्यातील पाथर्डी अशा तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिमेस जातात. मुलांची शाळा अर्धवट सुटते, म्हातारी माणसे गावात मागे राहतात आणि उचल फेडण्यात हंगाम संपतो. एका गावास पाट मिळाला व दुसऱ्यास मिळाला नाही, याचा हिशेब अखेर अशा रीतीने एखाद्या घरातील मुलाच्या शिक्षणापर्यंत येऊन पोहोचतो.

१९७२ च्या दुष्काळाने ही स्थिती सर्वांच्या डोळ्यांपुढे आणली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे राबत होती. मागेल त्यास काम देण्याची जी कल्पना वि. स. पागे यांनी मांडली होती, तिला १९७७ मध्ये रोजगार हमी कायद्याचे रूप मिळाले, आणि पुढे साऱ्या देशासाठी २००५ साली झालेल्या कायद्यास तिचा आधार झाला. कोरड्या मुलखाने कायद्याच्या ग्रंथात घातलेली ही मोलाची भर होय.

भूगोल तोच, निकाल निराळा

एवढे पाहिल्यावर सर्व काही डोंगराने व उताराने ठरवून ठेवले आहे, असे कोणास वाटेल. पण तसे असते, तर एकाच पावसाच्या दोन शेजारी गावांची स्थिती सारखी असती. प्रत्यक्षात ती नाही.

धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर कित्येक शतकांपासून फड पद्धती चालत आली आहे. नदीवर लहान बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालील रानाचे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि पाणी पाटकऱ्याने ठरल्या क्रमाने द्यावयाचे. नदी देईल तेवढ्यात सर्वांचे भागविण्याची ही शिस्त लोकांनी स्वतः बांधली.

पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीवर नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येवर ठरावा, भूमिहीनासही वाटा असावा आणि या पाण्यावर ऊस घेऊ नये, असे तिचे नियम होते. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने १९९० च्या दशकात पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने डोंगरावर चर खोदले, चराईबंदी केली, शेतीसाठी कूपनलिका घेणे वर्ज्य केले आणि ऊस, केळी यांसारखी पिके टाळली. दरवर्षी पावसाचे मोजमाप करून त्याप्रमाणे पिके ठरविण्याचा प्रघात तेथे पडला. गाव सोडून गेलेली कित्येक कुटुंबे परत आली. तेथील पाऊस वाढलेला नाही. वाटपाची रीत बदलली आहे.

एका हेक्टरचा हिशेब

पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर पन्नास लाख लिटर पाणी. यातील बरेचसे वाहून जाते, बरेचसे मातीतून व पानांतून उडून जाते. कठीण खडकाच्या प्रदेशात भूगर्भात मुरणारा भाग ढोबळमानाने दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे पाच लाख लिटर धरता येईल.

उसास पाटाने पाणी दिल्यास वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाणी लागते. पावसाचे सर्व पाणी त्याच्या कामी आले असे मानले, तरी हेक्टरी दीड कोटी लिटरांची तूट राहते. ती विहिरीतून भरावयाची, तर सुमारे तीस हेक्टर रानात मुरलेले पाणी एका हेक्टर उसाने उपसले, असा त्याचा अर्थ होतो. रब्बी ज्वारीस ऐनवेळी पाऊण-पाऊण शे मिलिमीटरांच्या दोन पाळ्या दिल्या, तर तीन हेक्टरांचे पाणी पुरते. ज्याची विहीर खोल त्याचा ऊस उभा राहतो, आणि त्याच पाझरावर असलेल्या दहा शेजाऱ्यांच्या विहिरी माघातच आटतात. कालव्याच्या गावात पाण्याचा वाटा निदान कागदावर तरी ठरलेला असतो. विहिरींच्या गावात तो कोणीच ठरविलेला नसतो, म्हणून तेथे अधिक जपावे लागते.

गावकार्यकर्त्यांनी करावयाच्या गोष्टी

१. गावाच्या नकाशावर माथा, उतार व ओढे आखून घ्यावेत. कोणाची जमीन पाणलोटाच्या वरच्या अंगास व कोणाची खालच्या अंगास आहे, हे ग्रामसभेत सर्वांना दाखवावे.

२. गावात पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद ठेवावी. तालुक्याच्या ठिकाणचा आकडा गावास लागू पडेलच असे नाही.

३. पावसाळा संपताच आणि पुन्हा मार्चमध्ये निवडक विहिरींची पातळी मोजून ती चावडीवर लिहावी. रब्बीची पिके त्या आकड्यांवरून ठरविण्याचा आग्रह धरावा.

४. बांधबंदिस्ती व चर यांची कामे माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे आणावीत. वरचे काम न करता खाली नालाबांध घातल्यास तो गाळाने भरतो.

५. प्रथम माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी, नंतर हंगामी पिके आणि उरल्यास बारमाही पीक, हा क्रम सर्वांच्या संमतीने लिहून ठेवावा. भूमिहीन कुटुंबांना व स्त्रियांना त्या चर्चेत बोलण्यास अवश्य संधी द्यावी. पाण्यासाठी सर्वांत जास्त पायपीट त्यांचीच होत असते.

सह्याद्री हलविता येत नाही आणि माणचा पाऊस महाबळेश्वरसारखा होणार नाही. परंतु पडलेले पाणी कोठे थांबवावयाचे, कोणत्या पिकास द्यावयाचे आणि कोणाच्या वाट्यास किती यावयाचे, हे तीनही निर्णय माणसांच्या हातचे आहेत. ज्या गावांनी ते पावसाळ्याच्या शेवटी, विहिरी भरलेल्या असतानाच घेतले, त्यांच्यावर ते उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभे राहून घेण्याची पाळी सहसा येत नाही.